कन्यादान, हैदराबादमार्गे

ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्या घरचं पाणी आमच्या घराण्यात कोणी पीत नाही. पाणी प्यायलं की तोंड बंद झालं आणि तोंड बंद झालं की हक्क गेला, असा आमचा कायदा आहे. कोणत्याही पुस्तकात तो छापलेला नाही, पण आमच्या घरात तो राज्यघटनेच्या एक पायरी वर बसतो. आमचे खापरपणजोबा सरकारच्या दफ्तरात कारकून होते. एका ठाणेदाराने त्यांची घोडी दाबून ठेवली, तेव्हा ते त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि चार दिवस त्याच्या घरचा थेंबही घेतला नाही. आजोबा चार दिवस सांगायचे. वडील सात सांगायचे. मी अकरा सांगतो. घराण्याची काहीतरी प्रगती व्हायला हवी! घोडी मात्र परत मिळाली, यावर तिन्ही पिढ्यांचं एकमत आहे.

हा कायदा मी इंदूरच्या विमानतळावर लावला आणि त्यापायी भाचीचं कन्यादान माझ्या हातून निसटत होतं. त्याचीच ही हकिकत. यात मी तिळाएवढी भर घातलेली नाही. जिथे घातली आहे तिथे ती लांबूनही दिसेल.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा फोन आला, "दादा, कन्यादान तू आणि वहिनीने करायचं." मी हो म्हणालो आणि फोन ठेवून अर्धा तास देवघरासमोर उभा राहिलो. आम्हाला मूलबाळ नाही. कन्यादानाचा योग या जन्मी नाही असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो.

पण त्या लग्नात एक माणूस मला पहिल्यापासून खुपत होता. बहिणीचे दीर, म्हणजे मुलीचे सख्खे काका. भाऊ गेल्यावर तीन वर्षांत तीनदाही न फिरकलेला हा गृहस्थ लग्न ठरल्याबरोबर रोज हजर. मांडववाल्याशी बोलणं यांचं, आचाऱ्याशी घासाघीस यांची. मला संशय आला. मला संशय लवकर येतो, लोकांना जशी शिंक येते तसा.

त्यात गुरुजींनी नियम सांगितला: लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला देवक बसवायचं आणि जे देवकाला बसतील तेच दुसऱ्या दिवशी कन्यादानाला बसतील. मध्ये माणसं बदलायची नाहीत. म्हणजे आदल्या दिवशी सातच्या आत आम्ही दोघं पुण्यात हवे. रेल्वेचं तिकीट मिळेना, हिच्या गुडघ्यांना रात्रभराची बस झेपेना. उरलं विमान. आमच्या उज्जैनला महाकाल आहे, पण पुण्याचं विमान इंदूरहूनच धरावं लागतं.

तिकीट काढायला टावर चौकातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो. नाव, वय सगळं लिहून झाल्यावर तो म्हणाला, "मोबाइल नंबर बताइए."

मी सावध झालो. "नंबर किसलिए?"

"कंपनी मैसेज भेजती है, बाबूजी."

कसले मेसेज पाठवतात ते मला माहीत होतं. एकदा एका चपलांच्या दुकानात नंबर दिला, तर महिनाभर मला कर्ज द्यायला आख्खा भारत धडपडत होता. मी त्याला घरच्या जुन्या फोनचा नंबर दिला. तो फोन कापून सात वर्षं झाली. पण उज्जैनचा कोड, सुरुवातीचं शून्य सोडून, आणि पुढे घरचा नंबर मांडला की बरोबर दहा आकडे भरतात. ट्रॅव्हल्सवाल्याने दहा आकडे मोजले आणि तो खूश झाला. मीही खूश. हिला मी काही सांगितलं नाही. चांगल्या युक्त्या बायकोला सांगितल्या की त्यांची चमक जाते.

विमान नऊचं. घरून, माधव नगरहून, पहाटे पाचला टॅक्सी. हिने बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. तपासणीवाले ती चटणी पाहून जप्त करतील, किंवा वाईट म्हणजे खातील, अशी मला शंका आली, म्हणून मी तो डबा मोठ्या बॅगेत घातला आणि बॅग कंपनीच्या स्वाधीन केली. पुण्यात उतरेपर्यंत ती परत दिसणार नव्हती. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढची भूक त्यातूनच उपजली.

साडेआठला फलकावर नऊचे साडेदहा झाले. दहाला साडेदहाचे बारा झाले. गेटवरची मुलगी माइकवर म्हणाली, पुण्याचं हवामान खराब आहे.

मी लगेच बहिणीला फोन लावला. "आकाश कसं आहे?"

"दादा, तू निघालास का?"

"आधी आकाश सांग."

"अरे, मी साखरपुड्याची ताटं लावतेय, आकाश कुठे बघू?"

"गॅलरीत जा."

ती गेली. "निळं आहे. आता सांग, तू आहेस कुठे?"

"इंदूरला. खोटं बोलतायत हे लोक!" मी इतक्या जोरात म्हणालो की गेटसमोरच्या शंभर माणसांनी माना वळवल्या. मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं, "भाइयो, पुणे का आसमान एकदम साफ है. मेरी बहन अभी देखके आई है." विमानाने येताना वाटेत नागपूर, औरंगाबाद किंवा देव जाणे कुठे ढग असतील, हा विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तरी मी तो बोलून दाखवला नसता. माणसं माझ्याकडे आशेने बघत होती.

तेवढ्यात ट्रॉली आली. प्रत्येकाला एक सँडविच, एक ज्यूसचा डबा आणि पाण्याची छोटी बाटली. फुकट.

माझ्या अंगातले खापरपणजोबा उठून बसले. जी कंपनी पाण्याचा पेला विकत देते ती आज आपणहून ट्रॉली ढकलत येते, याचा अर्थ काय? मी हात वर केला. "कोई मत खाना! खाया कि केस गया. बाद में बोलेंगे, आपने तो नाश्ता किया था, फिर शिकायत कैसी?" आणि घोडीची गोष्ट सांगितली. हिंदीत सांगताना अकराचे एकवीस दिवस झाले. त्याला माझा इलाज नाही, हिंदी मोठी भाषा आहे.

लोकांना पटलं! पाहता पाहता सँडविचं परत ट्रॉलीवर पडू लागली. ढीग इतका झाला की त्याच्या आडून ट्रॉलीवाली दिसेना. फक्त एक गृहस्थ शांतपणे खात बसले होते. गळ्यात मफलर, मांडीवर फाइल. मराठी दिसले.

"अहो साहेब," मी म्हणालो, "सगळे लढतायत आणि तुम्ही खाताय?"

"बसा," ते म्हणाले. "इतका उशीर झाला की प्रवाशांना खायला-प्यायला देणं त्यांना भागच आहे. तो नियम आहे. उपकार नाही. खाल्ल्याने तुमचा कुठलाही हक्क जात नाही."

"तुम्ही कंपनीचे का?"

"बँकेत होतो. रिटायर झालो. उज्जैनलाच, फ्रीगंजला असतो."

"बँकेचे! तरीच."

"तरीच काय?"

"गोड बोलताय."

ते हसले आणि माझ्या वाटचं सँडविच उचलून त्यांनी तेही खायला घेतलं. ही माझ्याकडे बघत होती. पहाटे पाचपासून तिच्या पोटात एक कप चहा होता. "अहो, त्यांना नियम माहीत दिसतात," ती हळूच म्हणाली. मी म्हणालो, नियम माहीत असणारी माणसं सगळ्यात धोक्याची. पण नंतर तिच्या पर्सच्या तोंडाशी मला सँडविचच्या कागदाचा कोपरा दिसला. मी तो पाहिला नाही असं ठरवलं.

साडेअकराच्या सुमारास एकदम सगळीकडे फोन वाजू लागले. टिंग, टिंग, टिंग. देवळात आरतीला घंटा घुमाव्यात तसे. शंभर फोन वाजले, एक माझा सोडून. लोक माना खाली घालून बोटं चालवू लागले. मला वाटलं, झालं! यांना फोडलं! एकेकाला गुपचूप काहीतरी देतायत आणि पुढाऱ्याला बाजूला ठेवलंय.

मी मफलरवाल्यांकडे धावलो. "काय आलंय?"

"विमान रद्द झालंय. दोन गोष्टींतली एक निवडा म्हणतात. दुसऱ्या विमानात जागा, नाही तर तिकिटाचे सगळे पैसे परत. निवड आपली, त्यांची नाही. मी पैसे परत घेतो, मला नातवाला भेटायचंय, पुढच्या आठवड्यातही चालेल. तुम्हाला?"

"उद्या कन्यादान आहे. आज सातला देवक."

त्यांनी फाइल बंद केली. आता ते हसत नव्हते. "मग आधी दुसरं विमान मागा. रागाच्या भरात रिफंड घेऊ नका. रिफंड घेतला की तिकीट संपलं आणि तुम्हाला पोहोचवण्याची त्यांची जबाबदारीही संपली. मेसेज नाही आला? मग काउंटरवर पळा. जागा चार-दोनच असतात."

मी पळालो. पण आधीच्या अर्ध्या तासात मीच त्या लोकांना "रिफंड लेंगे! पूरा लेंगे!" अशी घोषणा शिकवली होती आणि तिचा आवाज आता विमानतळाच्या छताला लागत होता. मला बघून लोकांनी वाट करून दिली. "नेताजी को आगे जाने दो!" मी पुढे गेलो. पुढे जाऊन मी काय मागणार आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही. ही म्हणते की मी मुद्दाम सगळ्यांना रिफंडकडे पाठवलं आणि जागा स्वतः मारली. तिचा तो संशय आहे. घरात संशयाला एकच माणूस पुरे, पण ती ऐकत नाही.

काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं. "अंकलजी, आपको मैसेज नहीं आया?"

"नहीं भेजा तुमने! बिना बताए कैंसल किया. हर्जाना दो!"

"सबको भेजा है. आपका नंबर है..." आणि तिने तो मोठ्याने वाचला. सातशे चौतीसपासून सुरुवात करून, दहाच्या दहा आकडे.

माझ्या मागून हिचा आवाज आला. "अहो, हा तर आपला घरचा फोन."

मी छताकडे पाहिलं.

"तो कापून सात वर्षं झाली. तुम्ही यांना कापलेल्या फोनचा नंबर दिलात?"

"नंबर दिला की लोक कर्ज देतात," मी म्हणालो.

"आता काय देतायत ते बघा!"

मुलीने चिडायला हवं होतं. ती चिडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. तिने सरळ सांगितलं की चालू नंबर दिलेला नसेल तर कळवलं नाही म्हणून भरपाई मागता येत नाही. शिवाय हवामानासाठी विमान रद्द झालं तर ती तशीही मिळत नाही. "लेकिन दूसरी फ्लाइट का हक आपका पूरा है. वो कोई नहीं छीन रहा. पुणे डायरेक्ट कल शाम को है."

"कल शाम को तो बिदाई होगी!" ही म्हणाली.

मुलीने पुन्हा कीबोर्ड बडवला. "वाया हैदराबाद दो सीटें हैं. सवा एक पर निकलेगी. साढ़े पाँच पुणे."

पुण्याला जायला हैदराबाद! हे म्हणजे उज्जैनातच देवास गेटहून टावर चौकात जायला भोपाळचा रस्ता धरण्यासारखं. माझ्या डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं: आम्हाला हैदराबादला उतरवणार, दार लावून घेणार आणि पुढे तिथेच आम्ही तेलुगू शिकून म्हातारे होणार. "लिखके दो," मी म्हणालो. "कागद पर. ठप्पा मारके. हैदराबाद से आगे ले जाओगे."

"टिकट ही लिखा हुआ है, अंकलजी. दोनों फ्लाइट एक ही टिकट पर हैं. पहली लेट हुई तो आगे की जिम्मेदारी हमारी. अपना चालू नंबर दीजिए, मैं अभी भेज देती हूँ."

नंबर! पुन्हा नंबर! तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बहीण.

"दादा, गुरुजी विचारतायत. पाचपर्यंत तुझं नक्की नसेल तर भाऊजींना आंघोळ करून तयार राहायला सांगते."

"कोणी सुचवलं? त्यांनीच ना?"

"दादा, मुलगी सकाळपासून खिडकीत बसलीय," ती म्हणाली. मागून मुलीचा आवाज आला, "मामा आहे का? निघाला का?" बहिणीने तिला काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकलजी, पीछे भी लोग माँग रहे हैं. सीट रोक नहीं सकती." तिने ड्रॉवरमधून पाण्याची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. कंपनीची बाटली. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

हिने बाटलीचं झाकण उघडलं. "तुमच्या खापरपणजोबांना घोडी हवी होती," ती म्हणाली. "आपल्याला मुलगी हवीय. प्या आणि नंबर सांगा."

मी प्यायलो. सगळी बाटली. मग खरा नंबर सांगितला, एकेक आकडा, दात उपटून द्यावा तसा. खिशात टिंग झालं. मागे वळून पाहिलं तर सगळी जनता माझ्याकडे बघत होती. "नेताजी, आपने रिफंड लिया?" एकाने विचारलं. मी म्हणालो, "बात चल रही है," आणि हिचा हात धरून हैदराबादच्या गेटकडे सुटलो. बहिणीला कळवायचं या पळापळीत राहूनच गेलं.

हैदराबादपर्यंत मी डोळा मिटला नाही. विमान उजवीकडे वळलं की मला वाटायचं परत चाललंय, डावीकडे वळलं की वाटायचं भलतीकडे चाललंय. ही मात्र पर्समधलं सँडविच काढून निवांत खात होती. अर्धं तिने मला दिलं. बेचव होतं. मी बोटंसुद्धा चाटली.

हैदराबादला आम्हाला कोणी कोंडलं नाही. उलट एका माणसाने आमची नावं लिहिलेली पाटी धरली होती आणि हिच्या गुडघ्यांसाठी चाकांची खुर्ची आणली होती. खुर्ची कोणी सांगितली? ती काउंटरवरची मुलगी. मी न मागता! या गोष्टीचा अर्थ अजून मला लागलेला नाही. पुण्याला बॅगसुद्धा आली, चटणीसकट.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा सातला वीस मिनिटं होती. दारातून आत पाहिलं. पाटावर बहिणीचे दीर बसलेले. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, ओले केस मागे वळवलेले. गुरुजी समोर सुपाऱ्या मांडत होते.

मी तिथूनच सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. ढग, ट्रॉली, शंभर सँडविच, कापलेला फोन, हैदराबाद. कोणाच्याही चेहऱ्यावर विश्वासाचा लवलेश नव्हता. बहीण म्हणाली, "दादा, खरं सांग. सकाळी खरंच इंदूरला होतास? उज्जैनहून निघालास कधी?"

"पहाटे पाचला!"

"मग पुण्याला यायला हैदराबाद कशाला?"

आयुष्यात इतक्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या आणि लोकांनी माना डोलावल्या. पहिल्यांदाच एक गोष्ट जशीच्या तशी सांगितली, तर सख्खी बहीण उलटतपासणी घेत होती. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "वन्सं, सँडविचं शंभर नव्हती. बाकी सगळं खरं आहे."

तेवढ्यात भाची आली. दोन्ही हात मेंदीने भरलेले, कोपर लांब धरून. तिने मला काही विचारलं नाही. माझ्यासमोर आली, मेंदी लागू नये म्हणून मनगटांनीच माझा खांदा दाबला आणि वळून म्हणाली, "काका, मामा आलाय."

दीर उठले. इतक्या लगेच उठले की मला संशय आला. "गुरुजी, अजून संकल्प सोडलेला नाही ना?" त्यांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, नाही. मग ते मला म्हणाले, "वहिनींनी दुपारी विचारलं, म्हणून तयार झालो. म्हटलं, मामा येईलच, पण उशीर झाला तर पोरीचं देवक अडायला नको. चला, आंघोळ करून घ्या. पाणी तापलंय."

हे वाक्य त्यांनी आधी घोकून ठेवलं असावं, असं मला तेव्हा वाटलं. पण त्यांचे डोळे लाल होते, आणि साबणाने डोळे इतके लाल होत नाहीत. तीन वर्षं ते का फिरकले नाहीत, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

आंघोळ करून आलो. भूक, विमान आणि घाई यांनी हात चालेनात. सोवळ्याची गाठ बसेना, तीनदा सुटली. ते पुढे आले, गुडघ्यावर टेकले आणि त्यांनी ती बांधून दिली. पाटावर हिच्या शेजारी बसण्याआधी मी गाठ दोनदा ओढून पाहिली. पक्की होती.